पत्र खरं, पण हात कुणाचा?

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. इकडे अकोल्याहून भुसावळच्या दिशेने निघालं, की त्याच रेल्वेमार्गावर गजानन महाराजांचं शेगाव. टपालात या दोन नावांचा घोळ होऊ लागला आणि गांधीजींची पत्रं शेगावला जाऊन पडू लागली. अखेर १९४० मध्ये वर्ध्याच्या सेगावचं ‘सेवाग्राम’ झालं. आपण ही गोष्ट गंमत म्हणून सांगतो. थोरांची पत्रं जमवणाऱ्यासाठी मात्र ती कामाची माहिती आहे. माथ्यावर ‘सेवाग्राम’ आणि खाली १९३७ ची तारीख असलेलं पत्र कुणी विकायला आणलं, तर त्याची सही बघत बसण्याचीही गरज उरत नाही.

पत्रांचा सगळा व्यवहार अशा बारीकसारीक गोष्टींवर चालतो. खाली कुणाची सही आहे त्यावर किंमत ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. पण सही नक्कल करायला सर्वांत सोपी. पत्ता, तारीख, कागद, शाई, मजकूर आणि ते पत्र त्या घरात आलं कसं, या सगळ्यांचा मेळ बसवून दाखवणं अवघड. खरेदीदार पैसे मोजतो ते या मेळासाठी. म्हणूनच जे पत्र ज्या घरी आलं त्याच घरी, त्याच्या सोबतच्या कागदांसह सापडतं, त्याचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

वऱ्हाडात अशी पत्रं निघण्याला कारण आहे. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं. चेत्तूर शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. अमरावतीचेच वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर पुढे १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. खापर्डे तर टिळकांचे जिवाभावाचे स्नेही. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर त्यांच्यासाठी विलायतेत खटपट करायला ते स्वतः गेले. अकोल्याचा धागा थेट गांधीजींच्या घराशी जुळलेला आहे. नानाभाई मश्रूवाला अकोल्याचे, गांधीजींचे सहकारी किशोरलालभाई यांचे बंधू. त्यांची मुलगी सुशीला आणि गांधीजींचे चिरंजीव मणिलाल यांचं लग्न ६ मार्च १९२७ रोजी अकोल्यात झालं. व्याही म्हणून नानाभाईंना आणि सून म्हणून सुशीलाबहेनना गांधीजींनी लिहिलेली पत्रं त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेली आहेत. याशिवाय डॉ. पंजाबराव देशमुख, ब्रिजलाल बियाणी, वीर वामनराव जोशी, तुकडोजी महाराज ही माणसं इथलीच. त्यांचा पत्रव्यवहार कार्यकर्ते, मास्तर, वकील, व्यायामशाळेचे चालक, सहकारी संस्थांचे चिटणीस अशा साध्या माणसांशी होता, आणि ती पत्रं त्यांच्या घरी येत.

आता समजा, अकोल्याच्या जुन्या शहरात एका घराची वाटणी होते आहे. माळ्यावरून लोखंडी पेटी खाली येते. आत सुतळीने बांधलेलं एक पुडकं. त्यात एका पोस्टकार्डावर खाली ‘बापू’ असं काहीतरी दिसतं. इथून पुढे काय करायचं?

पहिला मोह होतो तो वर्गवारीचा. पुढाऱ्यांची पत्रं एकीकडे, आजोबांची दुसरीकडे, लग्नपत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या आणि किराण्याचे हिशेब रद्दीत. हा मोह आवरायचा. पुडकं जसं आहे तसं ठेवून वरून खाली, एकेका कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा, क्रम लिहून ठेवायचा आणि मगच उलगडायचं. कारण साधं आहे. कार्डावर ‘खादीचे पैसे पोचले’ एवढंच असेल, तर एकट्या कार्डाला फारसा अर्थ नाही. पण त्याच पुडक्यात त्याच आठवड्यातली मनीऑर्डरची पावती निघाली, तर दोन्ही कागद एकमेकांची साक्ष देतात. ही पावती रद्दीत गेली, की पत्राचा साक्षीदारच गेला. पाकिटाचंही तसंच. पाकिटं फाडून तिकिटं काढून घेण्याची पोरवयातली हौस आपल्याकडे फार, आणि तिने फार नुकसान केलं आहे.

दुसरं काम त्याच दिवशी करायचं. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारायचं: हे पत्र कुणाला आलं, ते काय करत, पेटी आधी कुठे होती, आणखी कुणाकडे असे कागद आहेत का? सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून, तारीख घालून, खाली सही घ्यायची. पुढे हाच कागद मालकीच्या साखळीची पहिली कडी होतो. ‘आमच्या घरचंच आहे’ हे तोंडी वाक्य लिलावाच्या कॅटलॉगमध्ये चालत नाही.

हात कुणाचा

या धंद्यात पत्रांचे चार-पाच प्रकार मानतात. संपूर्ण मजकूर आणि सही दोन्ही त्याच व्यक्तीच्या हातची असेल, तर त्याला ‘ए. एल. एस.’ म्हणतात, त्याचा मान सर्वांत वरचा. मजकूर चिटणिसाचा आणि सही थोर माणसाची, हा त्याखालचा. टंकलिखित आणि सही केलेलं, तो ‘टी. एल. एस.’. मग नुसती सही. आणि सगळ्यांत खाली हुबेहूब छापील प्रत, जिला स्मरणवस्तूपलीकडे मोल नाही.

गांधीजींची पुष्कळ पत्रं त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई किंवा प्यारेलाल यांच्या हातची, खाली बापूंची सही. महादेवभाईंचं निधन १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसमध्ये झालं. तेव्हा १९४४ च्या पत्राबद्दल ‘हे महादेवभाईंचं अक्षर’ असं विक्रेता सांगत असेल, तर तो अज्ञानी आहे किंवा लबाड. उलट बाजूनेही सावध राहावं लागतं. गांधीजी दोन्ही हातांनी लिहीत. १९०९ मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात दमला, तेव्हा त्यांनी काही पानं डाव्या हाताने लिहिली. त्यामुळे एका नमुन्याशी अक्षर जुळलं नाही म्हणून पत्र खोटं ठरवण्याची घाई नको. त्याच भाषेतला, त्याच सुमाराचा नमुना शोधायचा. गुजराती, हिंदी आणि इंग्रजी असे त्यांचे नमुने वेगवेगळे पाहावे लागतात.

आपल्या भागात एक प्रश्न हमखास येतो: ‘गाडगेबाबांच्या हातचं पत्र आहे, काय मिळेल?’ बाबा निरक्षर होते. ते सांगत आणि दुसरं कुणीतरी लिही. म्हणजे त्यांच्या नावचं पत्र खरं असू शकतं, त्यातले शब्द बाबांचे असू शकतात, पण हात दुसऱ्याचाच. असं पत्र मोलाचं नाही असं नव्हे. माझ्या मते तर लिहून घेणाऱ्याचं नाव कळलं तर त्याची गोडी वाढते. फक्त ‘बाबांचं हस्ताक्षर’ म्हणून ते विकणं ही फसवणूक आहे, मग विकणारा कितीही भाविक असो.

आता ते अकोल्याचं कार्ड हातात घेऊ. भारतात पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. कार्डावर छापलेलं राजाचं डोकं आधी बघायचं. सातवा एडवर्ड १९१० मध्ये वारला, त्यानंतर पंचम जॉर्ज, आणि १९३६ नंतर सहावा जॉर्ज. १९०८ च्या तारखेच्या टिळकांच्या कार्डावर पंचम जॉर्जचं डोकं असूच शकत नाही. दुसऱ्या बाजूने थोडी ढील द्यावी लागते, कारण जुनी कार्डं घरात शिल्लक राहत आणि राजा बदलल्यावरही वापरली जात.

मग शिक्के. त्या काळी कार्डावर बहुधा दोन शिक्के उमटत: जिथून निघालं तिथला आणि जिथे पोचलं तिथला. अमरावतीचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. शिक्क्यावर ‘Amraoti’, म्हणजे ‘अमराओती’ वाचलं जाईल अशी अक्षरं दिसतात. पत्रातली तारीख आणि शिक्क्यांच्या तारखा यांत दोन-तीन दिवसांचा फरक असणं स्वाभाविक. महिन्याचा फरक असेल तर कारण शोधायचं. पत्र तुरुंगातून आलं असेल तर तपासणी अधिकाऱ्याची सही वा शिक्का असतो आणि उशीरही असतो. एक बारीक खूण भिंगाखाली दिसते. पत्र आधी लिहिलं जातं आणि शिक्का नंतर बसतो, म्हणून जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथे शिक्क्याची शाई वर असायला हवी. जुनं कोरं, शिक्का मारलेलं कार्ड मिळवून त्यावर नंतर मजकूर घालणाऱ्याची चोरी इथे पकडली जाते.

काही कसोट्या तर अगदी घरबसल्या करण्यासारख्या आहेत. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आलं १९४५ मध्ये. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ रोजी आणि सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी. डॉ. आंबेडकरांच्या नावच्या पत्राच्या माथ्यावर पिनकोड दिसला, तर पुढे वाचू नका. ‘मुंबई १४’ हा विभाग क्रमांक वेगळा, तो आधीपासून होता. दादरचं राजगृह १९३० नंतरच्या वर्षांत उभं राहिलं. १९२७ मध्ये, अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या वेळी, अमरावतीकरांना लिहिलेल्या पत्रावर तो पत्ता असणं शक्य नाही.

नोटा तपासायचा जांभळा दिवा बहुतेक दुकानांत असतो. अंधारात तो कागदावर धरला, तर हल्लीचा कागद निळसर पांढरा चमकतो, कारण कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. चमकला तर कागद नवा. पण चमकला नाही म्हणून पत्र खरं ठरत नाही. जुन्या वह्यांची कोरी पानं आजही मिळतात, आणि नकली पत्र करणाऱ्याला ते आपल्याआधी माहीत असतं. भिंगातून अक्षरं बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती छपाई. जन्मशताब्दी, पुण्यतिथी अशा निमित्तांनी थोरांच्या पत्रांच्या अशा प्रती निघतात आणि एक पिढी गेली की घरोघरी त्या ‘मूळ पत्र’ होऊन बसतात. मूळ पत्रात लेखणीचा दाब कुठे कमी कुठे जास्त दिसतो, वळणावर शाई साचते, आणि कागदाच्या मागच्या बाजूला बोटाने चाचपलं तर कधी कधी उठाव लागतो.

एवढं झालं की छापील साहित्याकडे वळायचं. गांधीजींचं समग्र वाङ्मय इंग्रजीत १०० खंडांचं आहे आणि ते संगणकावर फुकट वाचता येतं. प्रत्येक पत्राच्या खाली ते कशावरून छापलं याची टीप असते: मूळ गुजरातीवरून की छायाप्रतीवरून, आणि कोणत्या संग्रहातला कितवा क्रमांक. तुमच्या कार्डाचा मजकूर तिथे सापडला आणि टिपेत तुमच्याच घराण्याचा उल्लेख निघाला, तर याहून भक्कम पुरावा नाही. मूळ पत्र साबरमतीला असल्याचं टीप म्हणत असेल, तर तुमच्या हातात प्रत आहे. आणि मजकूर कुठेच सापडला नाही, तर दोन शक्यता: ते आजवर उजेडात न आलेलं पत्र आहे, किंवा कुणीतरी रचलेलं आहे. अशा वेळी हुरळून न जाता जाणकाराकडे जायचं. टिळकांच्या पत्रांचेही संग्रह निघालेले आहेत, त्यांतही असंच पाहायचं.

मोडी कागदांची गोष्ट वेगळी. देशमुख, देशपांडे, पाटील घराण्यांच्या रुमालांत ते असतात, आणि वऱ्हाड निजामाचा मुलूख असल्याने सोबत फारसीही असते. मजकूर जवळजवळ नेहमी कारकुनाच्या हातचा असतो, मालकाचा फक्त शिक्का आणि शेवटचं मोर्तब. शिवाजी महाराजांच्या हस्ताक्षरातलं म्हणून सर्वमान्य झालेलं पत्र नाही. तेव्हा ‘महाराजांच्या हातचं’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून उठावं. तारीख वाचताना सन कोणता हे आधी ठरवायचं. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, सुहूर सनात ५९९, आणि शकात ७८. फसली १२५० चा कागद शके १२५० म्हणून वाचला, तर १८४० चा कागद १३२८ चा होऊन बसतो, आणि मग घरात नसत्या दंतकथा सुरू होतात. मोडी स्वतः वाचता येत नसेल तर राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे चौकशी करावी. तो विभाग मोडीचं प्रशिक्षण देतो आणि त्यातून तयार झालेले वाचक ठिकठिकाणी आहेत.

पत्र कुणाचं

पत्र ज्याला आलं त्याचं, हे बरोबर आहे, पण अर्धंच. कागद त्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. कागद विकता येतो, पण तेवढ्याने मजकूर छापण्याचा हक्क मिळत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखाधिकार राहतो. गांधीजींच्या प्रकाशित लेखनाचा २००८ च्या अखेरीस संपला. पूर्वी कुठेही न छापलेल्या पत्राचा हिशेब निराळा आहे: ते ज्या वर्षी पहिल्यांदा छापलं जाईल त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात.

वारस म्हणजे पेटी ज्याच्या माळ्यावर होती तो एकटा नव्हे. बहिणी, आत्या, पुण्याला गेलेले काका, सगळे हक्कदार असू शकतात. विक्रीआधी सगळ्यांची लेखी संमती घ्यावी. पत्राला किंमत आली की नाती कशी वागतात हे वऱ्हाडातल्या वावरांच्या वाटण्यांनी आपल्याला पुरेसं शिकवलं आहे.

सरकारी कागद घरात निघाला तर तो विकायचा विचारच नको. एखादे आजोबा तहसीलात किंवा कचेरीत नोकरीला होते आणि दप्तर घरी राहिलं, तर ते दप्तर शासनाचं.

तिसरा कायदा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. मूर्ती, नाणी वगैरे वस्तूंना त्यात १०० वर्षांची अट आहे. पण हस्तलिखित, दस्तऐवज, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचा कागद ७५ वर्षांचा झाला की पुरावस्तू ठरतो. म्हणजे गांधीजींचं मोलाचं कोणतंही पत्र आज पुरावस्तूच आहे, टिळक-खापर्डे यांचं तर कधीचंच. १९५६ मध्ये गेलेले बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांच्या काळातली शेवटची पत्रंही थोड्याच वर्षांत या रेषेपलीकडे जातील. अशी वस्तू देशात विकता येते, पण परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या पुतण्याने ‘मी सूटकेसमधून नेतो, तिकडे डॉलरमध्ये विकू’ म्हटलं, तर तो गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. घरचं एखादं पत्र विकणारा व्यापारी ठरत नाही, पण घेणारा दलाल असेल तर त्याचा परवाना मागून बघण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तो कुरकुरला, तर दुसरा बघावा.

किंमत आणि विक्री

किंमत कशी ठरते? सगळ्यात आधी मजकुराने. ‘पत्र पोचले, आशीर्वाद’ अशी कार्डं गांधीजींनी ढिगाने लिहिली. एखाद्या घटनेबद्दल, माणसाबद्दल, मतभेदाबद्दल मोकळं लिहिलेलं पत्र वेगळ्याच रांगेत जातं. मग पत्र कुणाला लिहिलं, पूर्ण आहे का, स्वहस्ते आहे का, पाकीट आहे का, अवस्था कशी आहे. आणि विकणार कुठे, हेही. तुकडोजी महाराजांच्या पत्रासाठी मोझरीच्या गुरुकुंजाचा भाविक काय वाटेल ते देईल. लंडनचा लिलाववाला ते यादीत घेणारही नाही.

जगातले मोठे व्यवहार पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. २०१२ मध्ये गांधीजी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हर्मन कॅलनबाख यांच्या कागदांचा लिलाव सदबीज लंडनमध्ये करणार होतं. भारत सरकारने लिलावाआधीच सुमारे ७ लाख पौंडांना तो सगळा संग्रह घेतला. जून २०२५ मध्ये रवींद्रनाथांनी धूर्जटीप्रसाद मुखर्जी यांना लिहिलेली ३५ पत्रं पाकिटांसह अस्तगुरूच्या लिलावात ५ कोटी ९० लाखांना गेली. दोन्ही वेळा पत्रं एकाच माणसाला लिहिलेली, एकत्र राहिलेली. सुटं पत्रही कधी मोठी खळबळ उडवतं. आल्बिन श्राम नावाच्या संग्राहकाच्या मृत्यूनंतर त्याच्या घरातल्या धुलाईच्या खोलीतल्या कपाटातून शेकडो पत्रं निघाली. त्यात हत्येच्या थोडे दिवस आधी गांधीजींनी लिहिलेला मजकूर होता, तो २००७ मध्ये भारत सरकारने लिलावातून काढून घ्यायला लावून विकत घेतला. पण असं क्वचितच घडतं.

दलाल नेमकं याउलट सुचवतो: ‘चांगली चार द्या, बाकीचं ठेवा.’ त्याला चार विकायची असतात. खापर्ड्यांचं उदाहरण बघा. दादासाहेबांनी वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिली. आज ती त्यांच्या कागदपत्रांसह दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. टिळकांच्या राजकारणाचा अभ्यासक ती वाचतो आणि १९१० ते १९१२ मधल्या शिर्डीच्या मुक्कामातल्या नोंदी साईबाबांचे भक्त वाचतात. टिळकांचा उल्लेख असलेली तेवढी पानं कुणी कापून विकली असती, तर दोघांच्याही हाती काही लागलं नसतं. अमरावतीत खापर्डे बगीचा म्हटलं की रिक्षावाला नेमका सोडतो. त्या नावामागचा माणूस कळतो तो या एकत्र राहिलेल्या कागदांमुळे.

विकायचं ठरलंच, तर वाटा तीन. पहिली नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनातले व्यापारी. पैसे लगेच मिळतात आणि कमी मिळतात. सही घेणाऱ्यांपेक्षा टपालाचा इतिहास जमवणारे इथे जास्त भेटतात. त्यांना नुसता बडनेरा किंवा अमरावती कॅम्पचा सुबक शिक्काही पुरतो, म्हणून ज्या पाकिटाला तुम्ही क्षुल्लक समजता ते दाखवायला विसरू नका. दुसरी वाट लिलाव. मुंबईत अशी काही लिलावगृहं आहेत. करारात पाच गोष्टी वाचायच्या: राखीव किंमत काय, विक्रेत्याकडून दलाली किती, विमा कुणाचा, न विकल्यास परत करण्याचा खर्च कुणाचा आणि पैसे किती दिवसांत. खरेदीदाराकडून वेगळा अधिभार घेतात, त्यामुळे बातमीत छापलेला आकडा तुमच्या हातात येत नाही. पुढे पत्र खोटं ठरलं तर व्यवहार रद्द होण्याचं कलम असतं, तेही पाहावं. मूळ पत्र फक्त पावतीवर द्यायचं, आधी फोटोवरच बोलणी करायची. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही, आणि नफ्यावरच्या कराबद्दल आपल्या सीएला आधी विचारावं.

तिसरी वाट संस्थेची. राष्ट्रीय अभिलेखागार खासगी कागद देणगी म्हणून घेतं, विकतही घेऊ शकतं. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या संग्रहात बापूजी अणे आणि डॉ. मुंजे यांचे कागद आहेत, म्हणजे विदर्भाचं बरंच काही तिथे आधीच आहे. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करतं, आणि आपल्या उंबऱ्यापाशी यवतमाळचं शारदाश्रम आणि नागपूरचं पुराभिलेखागार आहे. पैसे इथे कमी, बहुतेकदा काहीच नाहीत. पण दानपत्रात अटी घालता येतात: संग्रहाला घराण्याचं नाव, वारसांना सगळ्याची डिजिटल प्रत, अभ्यासकांना खुला प्रवेश. सगळी पेटी असेल तर मी हीच वाट सुचवीन. एकच सुटं कार्ड असेल आणि घरात पैशाची गरज असेल, तर ते विकण्यात कसलाही कमीपणा नाही.

निर्णय होईपर्यंत पत्रं टिकली तर पाहिजेत. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कागद ठिसूळ होतो. त्याहून वाईट म्हणजे कूलर. पाण्याच्या कूलरच्या खोलीत पेटी ठेवली तर दिवसा दमट, रात्री कोरडं असं चक्र चालतं आणि बुरशीचे पिवळे डाग पडतात. पेटी आतल्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवावी, नाहीतर वाळवी आहेच. लॅमिनेशन कधीही करू नये, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेप लावू नये, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होतो. फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं तर शाई उडते. लावायचीच हौस असेल तर छायाप्रत लावावी. पिना आणि टाचण्या काढून, आम्लमुक्त कागदाच्या घडीत एकेक पत्र वेगळं ठेवावं. पेन्सिलीनेसुद्धा पत्रावर काही लिहू नये, जे लिहायचं ते घडीवर.

दिवाळीच्या साफसफाईत वऱ्हाडातल्या घरांतून दरवर्षी जुने कागद रद्दीत जातात आणि रद्दीवाला ते किलोच्या भावाने घेतो. तुमच्या घरी असं पुडकं असेल, तर ते द्यायच्या आधी प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, घरातल्या वडील माणसाचं टिपण घ्या, आणि त्याची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा नागपूरच्या पुराभिलेखागाराला पाठवा. मूळ पत्र विकायचं की ठेवायचं, ते त्यानंतर ठरवा.